समीरची आई कोण?

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा ते कळतं, असं दिलशाद म्हणायची. दुपार कलली की वारा मैदानाकडून आमच्या घराकडे वळतो. त्याच्याबरोबर हलगी येते, शिट्ट्या येतात, पत्र्याचे डबे बडवल्याचा आवाज येतो, आणि मध्येच हजारो माणसांनी एका दमात सोडलेला श्वास येतो. तो श्वास म्हणजे गोल हुकला. गोल झाल्याचा आवाज वेगळा असतो. मी खेळातला माणूस नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, उरलेल्या वेळात पुस्तकं वाचली. तरी एवढा फरक मला कळतो. कोल्हापुरात राहून तो न कळणं अवघड आहे.

यंदाही हंगाम सुरू झाला. मी गच्चीवर गेलो नाही. खिडकी लावून घेतली, फोन उघडला आणि रोजच्यासारखा शोधत बसलो.

काय शोधतो ते आधी सांगतो. दिलशाद माझी धाकटी बहीण. गेल्या पावसाळ्यात ती गेली. समीर तिचा एकुलता मुलगा. बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या संघाकडून तो व्यावसायिक फुटबॉल खेळतो, आणि या थंडीत भारताच्या संघाच्या सराव शिबिरासाठी त्याची निवड झाली. त्याचं आडनाव मी इथे लिहीत नाही. पेठेचं नावही लिहीत नाही. ज्यांना ते हवं आहे त्यांना ते सापडतं, आणि माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

फोनवर समीरचं नाव लिहायला घेतलं की पुढचे शब्द फोनच पुरवतो. पूर्वी तो वय विचारायचा, संघ विचारायचा, गोल विचारायचा. निवडीची बातमी आली आणि क्रम बदलला. आता नावापुढे पहिला शब्द येतो जात. मग धर्म. मग आई. मी काही न लिहिता फोनला हे कसं सुचतं, म्हणून शेजारच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, सर, लोक जे जास्त शोधतात तेच वर येतं. म्हणजे फोनचा दोष नाही. देशभरात कुठे कुठे बसलेली माणसं, ज्यांनी या मुलाला कधी पळताना पाहिलं नाही, त्याच्या डाव्या पायात काय आहे ते ज्यांना ठाऊक नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही, ती माणसं सकाळी उठून, चहा पीत, तीन शब्द लिहितात. समीर फुटबॉलपटू जात.

त्यांना उत्तर द्यायला दुकानं उघडलेली आहेत. एकेका खेळाडूवर एकेक पान. उंची, वजन, रास, आवडता रंग, आवडता नट. वडिलांच्या पुढे नोकरी, कारण वडील फाउंड्रीत कामाला होते हे कुणीतरी कुठल्यातरी बातमीतून उचललं आहे. आईच्या पुढे एका पानावर गृहिणी असं लिहिलं आहे. दुसऱ्या पानावर नुसती आडवी रेघ आहे. ती रेघ मी किती वेळा पाहिली असेल. माणूस गेल्यावर त्याचं नाव कुठेतरी दिसावं असं वाटतं. म्हणून शोधायला लागलो होतो. मला ही रेघ सापडली.

रेघेवर माझा फार राग नाही. रेघ निदान खोटं बोलत नाही.

ही शोधाशोध पेटली ती एका फोटोवरून. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या तालमींमध्ये गणपती बसतो, तसे मोहरमला हाताच्या आकाराचे धातूचे पंजेही बसतात. तालीम म्हणजे पेठेचं कुस्तीचं ठिकाण, पण आता तीच पेठेची चावडी आहे आणि फुटबॉलचा संघही तिचाच असतो. समीरच्या तालमीत सगळे सभासद हिंदू, आणि मोहरमचा पंजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांचाच. फुलांनी मढवलेला पंजा खांद्यावर घेऊन पेठेतली मुलं इतर पंजांच्या भेटीला निघतात, बायका घरातून येऊन पायावर पाणी घालतात. यात कुणाला काही सांगावं, समजवावं असं कधी वाटलं नाही. गेल्या मोहरमला समीर आईच्या आजारपणासाठी घरी आला होता. पाऊस होता. मुलांनी हाक मारली, तो बाहेर पडला, त्यानं खांदा दिला. भिजलेला शर्ट, कपाळावर चिकटलेले केस, खांद्यावर मोगऱ्याच्या माळांतला पंजा. दिलशादनं खिडकीतून त्याला तसं पाहिलं. त्यानंतर फार दिवस ती राहिली नाही.

तो फोटो निवडीनंतर कुणीतरी शोधून काढला आणि वर लिहिलं, हा कोण आहे ते नीट बघा. खाली जे आलं ते मी उतरवून ठेवणार नाही. बाटला म्हणाले. आधीपासूनच तिकडचा म्हणाले. आणि मग एकानं लिहिलं, आई कोण ते शोधा, म्हणजे कळेल.

शोधायला काही लागत नव्हतं. पेठेत कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. दिलशाद. कागलहून येऊन तालमीसमोर दुकान टाकलेल्या शिंप्याची मुलगी. पेठेतल्याच मराठा घरातल्या दिनकरशी तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांत चुली थंड होत्या, पण पेठ लग्नाचं जेवून आली होती. माझे वडील समीर जन्मेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. मुलाचं नाव काय ठेवायचं हे ठरवताना तिनं आणि दिनकरनं दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना न अडखळता हाक मारता येईल असं नाव काढलं. एवढा सगळा विचार दोन तरुण माणसांनी केला होता. त्यानंतर इतक्या वर्षांत तिला कुणी काही बोललंच नाही असं मी म्हणणार नाही. सणासुदीला एखादी सासरकडची बाई आपलं ताट उचलून दुसऱ्या पंगतीला जायची. दिलशाद ते बघायची आणि त्या ताटात जास्तीचं वाढायची.

समीर पहिल्यांदा तालमीच्या मुख्य संघात आला तो हंगाम मला आठवत राहतो. तो सतरा वर्षांचा होता आणि रमजान भर वैशाखात आला होता. संघाच्या नव्या जर्श्या आल्या त्या कोऱ्या, पाठीवर आकडेच नव्हते. छापून घ्यायला दुकानदार उशीर लावणार म्हणाला. दिलशादनं सगळा गठ्ठा घरी आणायला लावला आणि पांढऱ्या कापडाचे आकडे कापून एकेक शिवायला बसली. त्या दोन दिवसांत त्यांच्या घरात नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास कोंडला होता. मशीन थांबलं की बाहेरच्या पोरांचा गलका ऐकू यायचा, सुरू झालं की बुडायचा. उंबऱ्यावर संभा बसला होता, शिवून झालेल्या जर्श्यांचे धागे तोडत. संभा तेव्हा तालमीचा साधा कार्यकर्ता होता. आता सेक्रेटरी आहे. दिलशादच्या हातचा खिमा आणि तो, हे पेठेत चेष्टेचं प्रकरण होतं. तिचा स्वतःचा रोजा असला तरी संभासाठी टोप चुलीवर असायचा.

“वहिनी,” तो म्हणायचा, “तुमच्या हातचं खाल्लं की मॅच हरली तरी चालतीया.”

“हरून तर या,” ती मान वर न करता म्हणायची, “मग बघा काय खायला घालते ते.”

मला तिनं एक आकडा उलटा करून दाखवला आणि विचारलं, भाईजान, हा सहा हाय का नऊ, तुमी शिकलेली माणसं. मी गंभीरपणे सांगायला गेलो आणि उंबऱ्यावर हशा पिकला.

सामन्याला ती गॅलरीत जायची नाही. तेव्हा बायका फारशा जात नसत. मैदानाच्या फाटकाजवळ उसाच्या रसाचा गाडा असे, त्याच्या छपराच्या सावलीत ती उभी राहायची, आणि मी तिच्या सोबतीला. तोंडात पाण्याचा थेंब नाही, समोर बर्फ फुटतोय, आल्या-लिंबाचा वास, ग्लासांचा खणखणाट, आणि ही टाचा उंचावून आत बघतेय. रसवाल्याला वाईट वाटायचं, तो गाडा थोडा लांब ढकलायचा. ती म्हणायची, भाऊ, हितंच असू दे, मला उसाचा काय तरास न्हाय, त्या रेफरीचा हाय. एकदा समीरला कुणीतरी मागून पाडलं आणि रेफरीनं शिट्टी मारली नाही. दिलशादनं खास पेठेतली एक शिवी दिली, भरपूर मोठ्यानं, आणि मग रोजा आठवून दोन्ही गालांवर हात मारून घेतले.

समोरच्या पेठेची मुलं समीरला छळायची. पायाला चेंडू लागला की गॅलरीतून सूर निघायचा, टेलरच्या नातवा, चड्डी शिव. त्याची उंची काढायची, केस काढायचे, डावखुरेपणा काढायचा. आई कोण हे त्या प्रत्येकाला माहीत होतं. ते मात्र कुणी काढलं नाही. हे मी आठवणीला साखर लावून सांगत नाही. मी फाटकापाशी कान टवकारून उभा असायचो, मनातून घाबरलेला, की आता येईल, आता तो शब्द येईल. पूर्ण हंगामात आला नाही. माहीत असणं आणि शोधत असणं यांत काय अंतर असतं ते मला तिथे कळलं होतं, फक्त तेव्हा त्याला शब्द द्यायची गरज पडली नव्हती. माहीत असलेल्या माणसांनी दिलशादला उन्हात उभं पाहिलं होतं.

शेवटचा सामना हरले. पेनल्टीवर हरले आणि चुकलेली पेनल्टी समीरची होती. दिवस मावळत होता. लोक फाटकातून लोंढ्यानं बाहेर पडत होते, धुळीचा पिवळा ढग उठला होता, आणि त्यातून तो बाहेर आला, जर्सी तोंडात धरून रडत. त्याच वेळी मशिदीतून बांग झाली. दिलशादच्या मुठीत खजूर होता. तिनं तो दोन बोटांनी फोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला, अर्धा त्याच्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, “पेनल्टी मारताना आभाळात काय बगत हुतास, पतंग?” तो रडता रडता हसला. संभानं त्याला पाठीवर घेतलं. रसवाल्यानं दिलशादला ग्लास दिला, आणि पैसे घ्यायचं त्याला त्या गर्दीत आठवलं नाही.

एवढ्या लोकांनी ते पाहिलं. एक रमजान, एक बाई, एक मुलगा आणि एक खजूर. हे कुठल्या पानावर सापडतं?

आता पुढचं सांगतो. मला हे लिहायला सगळ्यात जड जातं, म्हणून हळूहळू लिहितो आहे.

त्या फोटोखाली शिव्यांचा पाऊस पडायला लागल्यावर पेठ गप्प बसली नाही. पेठेला समीरचा अभिमान आहे. मुलं भांडायला उतरली. त्यांनी लिहिलं की पंजा ही आमच्या तालमीची रीत आहे, कोल्हापूरला येऊन बघा. तिथवर मी वाचत होतो आणि छाती भरून येत होती. मग संभाचं लिहिलेलं दिसलं. तालमीचा सेक्रेटरी म्हणून, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसह. समीर अस्सल मराठा घरातला पोरगा आहे. त्याचं आजोळ कागलकडचं, तेही घरंदाज मराठा. आई देवभोळी होती, आता हयात नाही. उगाच अफवा पसरवू नका.

त्याखाली पेठेतल्या शेकडो माणसांचे अंगठे आणि बदाम. मी एकेक नाव वाचलं. त्यातल्या कित्येकांना मी वर्गात शिकवलं आहे. कित्येकांच्या लहानपणीच्या चड्ड्या माझ्या वडिलांनी शिवल्या आहेत. दिलशादचा जनाजा निघाला तेव्हा संभानं खांदा दिला होता, कब्रस्तानापर्यंत बदलला नव्हता. पावसात त्याचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. दिनकरनं आणि समीरनं माती दिली, मग मी दिली, मग संभानं. त्याच हातानं त्यानं हे लिहिलं.

शिव्या देणाऱ्यांनी माझी बहीण शोधायचा प्रयत्न केला. तिला पुसून टाकलं ते तिच्या हातचं खाणाऱ्यांनी.

आमच्याकडचे लोकही मागे नव्हते. गडहिंग्लजला माझा एक चुलतभाऊ आहे. दिलशादनं लग्न केलं तेव्हा त्यानं मेलीस म्हणून निरोप धाडला होता, आणि ती खरोखर गेली तेव्हा आला नाही. निवड झाल्यावर त्यानं समीरचा फोटो सगळीकडे फिरवला, वर लिहिलं, आपल्या कौमचा पोरगा. मी त्याला फोन केला. तो आनंदात होता. तिचं नाव त्यानंही लिहिलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, नावाचं काय एवढं.

संभा रमजानच्या एका दुपारी माझ्याकडे आला. मीच निरोप पाठवला होता. चहा नको म्हणाला, तुमचा रोजा असंल म्हणून. खुर्चीच्या कडेवर बसला. पंख्याखाली घाम पुसत राहिला. तो काय म्हणाला ते सगळं लिहीत नाही. बरंचसं खरं होतं. पोराचं आता कुठे बस्तान बसतंय. शिबिरातून संघात जायचंय. वर बसलेली माणसं गोंगाटाला घाबरतात, कोण कशाला वाद अंगावर घेईल. चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील, पण मुलावर एकदा शिक्का बसला की बसला. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला मी काय सांगू.

मी विचारलं, आणि दिलशाद?

त्यानं घामाचा रुमाल खिशात ठेवला. मग अगदी मऊ आवाजात, मला बरं वाटावं म्हणूनच, म्हणाला, “वहिनी तर गेल्या की सर. त्यास्नी आता काय फरक पडतोय.”

मला शब्द दुसऱ्या दिवशी सुचतात, असा माझा जन्म गेला आहे. तो गेल्यावर मी पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहिलो. एक पुस्तक काढलं, ठेवलं. दुसरं काढलं. मग एका झटक्यात सगळा कप्पा खाली ओढला. धूळ उडाली. मी जमिनीवर बसून ती पुस्तकं पुन्हा लावली. रागाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. तो संध्याकाळी खजूरसुद्धा खाली उतरू देत नाही, हे वाचलेलं आठवत नाही.

मी दिनकरकडे गेलो. मशीनवर चादर टाकलेली होती. तो तिच्यासमोर खुर्ची टाकून बसला होता. संभानं लिहिलेलं त्याला मुलांनी वाचून दाखवलं होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, असं मी म्हणालो, आणि आवाज चढला होता. तो म्हणाला, “सर, मी लग्नाच्या वक्ताला भांडलो. सगळ्यांशी भांडलो. तवा ती बाजूला हुती.” पण माझा राग ओसरला नाही. थकलेल्या माणसावर रागावता येत नाही हे खोटं आहे. चांगलं रागावता येतं, फक्त मागून वाईट वाटतं.

ईदला शिरखुर्मा मी केला. दूध लागलं. समीरचा फोन आला तेव्हा मी पातेलं घासत होतो. मामू, नेटवर काही बघू नका, तो म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं. संघाच्या लोकांनी त्याला सांगितलं होतं की उत्तर द्यायचं नाही, गप्प राहायचं. मी विचारलं, संभानं काय लिहिलंय ते वाचलंस? तो व्हय म्हणाला. तिच्याशिवायची पहिली ईद होती आणि आम्ही दोघं तिच्याबद्दल बोलू शकत नव्हतो, कारण कुणीतरी ती गोष्ट धोक्याची करून ठेवली होती. पातेल्याचा आवाज ऐकून दूध लागलं का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. ती असती तर दोघांनाही बोलली असती. मी त्याला काही कर म्हणून सांगितलं नाही. तेवीस वर्षांच्या मुलाच्या पायात माझा राग कसा अडकवू?

ईदनंतरच्या रविवारी तालमीसमोर चौकात समीरचा सत्कार होता. चौक ओळखू येईना. एका इमारतीएवढा फलक, त्यावर चेंडूवर पाय ठेवलेला समीर, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. ऊन उतरलं होतं, हलगी कडकडत होती, बायका घरांच्या गॅलऱ्यांत उभ्या होत्या. सत्काराची आमच्याकडे एक रीत असते. मुलाला फेटा बांधतात, वडिलांना शाल-नारळ देतात आणि आईची ओटी भरतात. आईची ओटी राहून चालत नाही. म्हणून व्यासपीठावर दिनकरशेजारच्या खुर्चीवर त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोला, समीरच्या काकूला, बसवलं होतं. मी कडेला उभा होतो. वर जाताना ती माझ्याजवळ थांबली आणि पदर घट्ट करत पुटपुटली, मला बसवलंय वो सर, मी काय करू. चांगली बाई आहे. दिलशादच्या शेवटच्या दिवसांत तिची वेणी हीच घालायची.

फेटा बांधला. शाल झाली. माईकवरचा मुलगा म्हणाला, आता आपल्या लाडक्या समीरच्या मातेसमान काकूंची ओटी भरून. तबक पुढे आलं. साडी, खण, नारळ. समीर उठला. त्यानं काकूच्या पाया पडून घेतलं, मग माईकपाशी गेला. तो बोलणारा मुलगा नाही, आमच्या घराण्यात कुणीच नाही, दिलशाद सोडून.

“ओटी काकूची भरा,” तो म्हणाला, “काकूचा मान हाय. पण आईच्या नावानं नको. माझी आई गेली, तिचं नाव दिलशाद. तुमी सगळे तिला ओळखत हुता. कोण घेईना म्हणून मी घेतो नाव.”

आणि जाऊन बसला. फेटा थोडा वाकडा झाला होता. हलगीवाला टिपरू हातात धरून तसाच उभा. गॅलरीतल्या बायकांपैकी कुणीतरी जोरात नाक ओढलं. दिनकरनं शाल डोळ्यांना लावली. काकूंनी तबक मांडीवर घेतलं आणि त्या रडायला लागल्या. टाळ्या झाल्या नाहीत, आणि त्या झाल्या नाहीत हे बरं झालं. टाळ्या वाजवून सुटली असती पेठ. खाली मुलांचे फोन मात्र वर होते, सगळं टिपून झालं होतं. चौक रिकामा होण्याआधी ते जगभर जाणार हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. समीरलाही कळत होतं. त्यानं बोलण्याआधी ते सगळं मोजलं असणार, त्याचं शिबिर, त्याचा संघ, सगळं.

संभा गर्दीतून माझ्याकडे आला. चेहरा उतरला होता.

“सर, आता पोराचं कसं व्हायचं?”

मी म्हणालो, ते मला माहीत नाही.

त्यानं खिशातून फोन काढला. “मी लिवलेलं काढून टाकतो. आत्ता काढतो.”

“काढू नका,” मी म्हणालो. शब्द त्या दिवशीच सुचले. “ते राहू द्या. त्याच्या खाली खरं लिहा. तुमच्या नावानं.”

तो तालमीच्या पायरीवर बसला. अंगठा पडद्यावर फिरत होता, थांबत होता. मला बसा म्हणाला, मी बसलो नाही. त्याच्यासमोर उभा राहिलो, वर्गात पाठ न केलेल्या मुलासमोर उभा राहायचो तसा. दिलशाद एवढं लिहून तो अडला आणि त्यानं विचारलं, पुढं काय लिवू. मी म्हणालो, तुम्हाला माहीत आहे. मुलं फोटोसाठी हाका मारत होती, संभादा, वर चला, समीर थांबलाय. “थांबा रं जरा,” तो ओरडला आणि पुन्हा फोनवर वाकला. दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते त्यानं मला दाखवलं. त्यात आजोळ खोटं सांगितल्याची कबुली होती, आणि वहिनी हा शब्द होता. मी वाचलं. मान हलवली नाही.

त्यानं पाठवलं. आम्ही दोघं तसेच होतो, तो बसलेला, मी उभा. फोन लगेच किणकिणला, मग पुन्हा, मग एकसारखा. संभानं पहिलं उत्तर वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्याची मान लाल होत गेली. कुणीतरी दिलशादबद्दल लिहिलं होतं. तिच्या उंबऱ्यावर बसून जेवलेल्या माणसाला ते वाचावं लागत होतं.

“सर, हे बघा की,” तो म्हणाला, आणि फोन माझ्याकडे धरला. “वहिनीला काय बोलतंय हे बघा.”

मी फोन घेतला नाही.

“मी थंडीपासून वाचतोय संभा,” मी म्हणालो. “आता तुम्ही वाचा.”